आजीचे दात शाबूत, नातवाची दाढ किडकी: कोकणात नेमकं बदललं काय?

मालवण तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलंय: ‘माझी आजी ऐंशीच्या पुढे गेली तरी फुटाणे दातांनी फोडायची. आयुष्यात तिने ब्रश हातात धरला नाही. आज माझ्या पहिलीच्या वर्गात निम्म्या मुलांचे पुढचे दात काळे आहेत. कोकणात दातांची कीड खरंच वाढली आहे, की आता आपलं लक्ष जास्त जातं? पाण्यात काही बदल झालाय का? आणि शाळेत आम्ही काय करू शकतो?’

बाई, लहान मुलांतली कीड वाढली आहे, हे आधी सांगून टाकतो. तुमचे डोळे तुम्हाला फसवत नाहीत. पण आजीच्या पिढीची तोंडं निरोगी होती, हे मला मान्य नाही. दात तेव्हाही जात होते, फक्त वेगळ्या वयात आणि वेगळ्या रोगाने. बत्तीस वर्षं सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतोय. माझ्या खुर्चीत आजी, सून आणि नात अशा तिन्ही पिढ्या बसून गेल्या आहेत, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी आजीचं बघू. ज्यांचे दात टिकले त्यांच्याच गोष्टी घराघरात सांगितल्या जातात. चाळिशीत दाढा गेलेल्या काकूची आठवण कुणी काढत नाही. तुमच्या जुन्या घराच्या माजघरात शोधा, पान कुटायचा छोटा पितळी नाहीतर लोखंडी खल सापडेल. आमच्याकडे होता. विडा चावायला दाढा उरल्या नाहीत की पान-सुपारी-चुना त्यात कुटून मऊ करायचा आणि चमच्याने तोंडात टाकायचा. दुपारी जेवणं झाली की ओटीवरून त्याचा टकटक आवाज यायचा. दात सगळ्यांचेच मजबूत असते, तर हा खल घरोघरी कशाला लागला असता?

मी दवाखाना काढला तेव्हा साठीच्या पुढच्या ज्या बायका यायच्या, त्यांची तोंडं आजही डोळ्यांसमोर आहेत. दाढा वरून घासून सपाट झालेल्या. जात्यावरच्या पिठात दगडाची कच असायची, वर राखुंडी नाहीतर कोळशाने दात घासायचे. अशा दाढेवर खळगेच उरत नाहीत आणि कीड बसते ती खळग्यात. त्यामुळे भोक पडलेला दात क्वचित दिसायचा. पण हिरड्या पार खाली गेलेल्या, मुळं उघडी, मुळांवर कीटणाचा काळा थर आणि दात बोटाने हलवले तर पिकल्या फळासारखे हलायचे. त्या म्हणायच्या, ‘डॉक्टरानू, किडो नाय लागलो, पण दात हलता हा.’ अगदी खरं निदान. कीड नव्हती, पायरिया होता. दात काढला तर तो कधीकधी पूर्ण धडधाकट असायचा, फक्त त्याला धरून ठेवणारं हाड संपलेलं. दवाखान्याच्या पहिल्या दहा वर्षांत मी इतके न किडलेले दात उपटले, की त्यावेळी कुणी विचारलं असतं तर ‘कोकणात कीड नाही’ असंच मी सांगितलं असतं.

त्यामागे मिश्री होती. आमच्याकडे मशेरीही म्हणतात. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुस्करून भुकटी करायची. भाजताना घरभर इतका ठसका बसायचा की पोरं अंगणात पळायची. ती भुकटी दात घासायला म्हणून सुरू व्हायची. सकाळी एकदा, मग दुपारी जेवण झाल्यावर, मग संध्याकाळी विहिरीवर. घासायचं निमित्त, खरं तर तंबाखूची तलफ. बोट ज्या हिरडीवर फिरायचं तिथे ती हिरडी खाली सरकायची आणि मुळाच्या मानेशी खाच पडायची. सवय एकट्या कोकणाची नव्हे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली, तो अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. दंतवैद्यांना मिश्री या शब्दाचं गांभीर्य तेव्हापासून माहीत आहे. घरातल्या माणसांना ते आजही पटवावं लागतं, कारण आजीची मिश्री हे व्यसन आहे असं कुणाला वाटतच नाही.

मग तेव्हा कीड का नव्हती? कोकणात याचं ठरलेलं उत्तर आहे: मासे आणि नाचणी. मासळीतलं कॅल्शियम, नाचणीतलं कॅल्शियम, म्हणून दात लोखंडासारखे. ऐकायला छान आहे. पण दात एकदा हिरडीबाहेर आला की खाल्लेलं कॅल्शियम रक्तातून त्याच्या वरच्या काचेसारख्या आवरणात जाऊन बसत नाही. कीड ठरते ती तोंडात काय राहतं आणि किती वेळा येतं, यावर. सुरमई रोज खा, पण सोबत दिवसातून सहा वेळा बिस्किट खाल्लंत, तर दाढ किडणारच.

खरं कारण बरंच नीरस आहे. साखर रेशनवर मोजून मिळायची, चहा गुळाचा असायचा, तोही दोनदा. सकाळी पेज, दुपारी भात-कालवण, रात्री भात. मधल्या वेळी पोरांना मिळायची ती करवंदं, जांभळं, कैरी, ओलं खोबरं किंवा काहीच नाही. गोड म्हणजे सणाचं. खाजं खायला जत्रा यावी लागायची. आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेली खाज्याची पुडी गुळाने इतकी चिकट असायची की कागदासकट चाटायचो, आणि दाताला चिकटून राहण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. पण ती वर्षातून एकदा-दोनदा. दाताला वर्षातून दोनदा होणारा हल्ला सहज पेलतो.

दाताच्या आवरणाचं गणित असं. तोंडातल्या जंतूंना साखर किंवा शिजवलेला स्टार्च मिळाला की काही मिनिटांत ते आम्ल करतात. दातावरच्या थराचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका खाली तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि क्षार परत बसवते. त्याला साधारण २० ते ४० मिनिटं लागतात. या चढउताराचा आलेख स्टीफन नावाच्या दंतसंशोधकाने १९४० च्या दशकात काढला आणि आम्ही विद्यार्थी असताना तो परीक्षेत हमखास यायचा. त्यात एक गोष्ट ठळक आहे: एका बैठकीत लाडू एक खाल्ला काय नि तीन खाल्ले काय, हल्ला एकच. पण एकच लाडू तीन तुकडे करून तीन वेळी खाल्ला, तर हल्ले तीन. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्मच्या संस्थेत १९४५ ते १९५३ दरम्यान मतिमंद रुग्णांवर असा प्रयोग झाला. त्यांना जेवणाच्या मध्ये चिकट टॉफ्या दिल्या आणि त्यांच्यात कीड भराभर वाढली. जेवणासोबत साखर दिलेल्यांत फारच कमी. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशांवर प्रयोग करणं अमानुषच होतं, पण दंतशास्त्राला ‘किती’पेक्षा ‘कितीदा’ महत्त्वाचं हे कळलं ते तिथून. उलट बाजूचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाने दिला. नॉर्वे आणि जपानमध्ये साखर मिळेनाशी झाली आणि मुलांची कीड उतरली. युद्ध संपलं, साखर परत आली, तशी कीडही आली.

आता कोकणात ही ‘कितीदा’ची आकडेवारी कशी बदलली ते मी खुर्चीतून पाहिलंय. मे महिना आणि गणपती हे माझ्या धंद्याचे दोन सीझन. चाकरमानी गावी येतात आणि आजोबा नातवंडांना घेऊन येतात. नव्वदच्या दशकात फरक उघडाउघड दिसायचा. मुंबईच्या पोराने तोंड उघडलं की दुधाच्या दाढा पोखरलेल्या, पुढचे दात ठिसूळ काळे. त्याचा गावचा चुलतभाऊ बाजूला उभा, अनवाणी, केसांना तेल नाही, ओठांच्या कडेला आंब्याच्या चिकाने भाजलेलं, पण तोंडात एकही भोक नाही. आजोबा म्हणायचे, ‘बघा, गावच्या हवेचो गुण.’ मीही हसून मान डोलवायचो.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, वाडी-वाडीपर्यंत डांबरी रस्ते गेले, टेम्पो येऊ लागले. त्या टेम्पोतून आलेल्या पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्या टपरीवर तोरणासारख्या लटकू लागल्या. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीच्या जागी बँकेत पैसे येऊ लागले आणि पोराच्या हातात रोज एक नाणं पडू लागलं. दोन हजार दहाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की दोन चुलतभावांच्या तोंडांतला फरक संपलाय. आणि गेल्या काही वर्षांत तो उलटा झालाय. मुंबईच्या पोराच्या दाढेत सिमेंट भरलेलं आहे, कुठे स्टीलची टोपी आहे. गावच्या पोराच्या त्याच दाढेत उघडं भोक आहे. रोग दोघांना सारखाच झाला, एकाला दंतवैद्य जवळ होता.

गावच्या मुलाचा आजचा दिवस मोजा. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं. शाळेच्या वाटेवर एक पुडी. मधल्या सुट्टीत आणखी एक. शाळेतल्या खिचडीची मला अजिबात काळजी नाही, ते जेवण आहे. पाचला चहा-खारी किंवा बटर. शिकवणीहून येताना गोळ्या. झोपताना साखर घातलेलं दूध. आजारी असला तर वर खोकल्याचं गोड सिरप, तेही झोपताना, जेव्हा लाळ जवळजवळ आटते. पाच-सहा हल्ले, प्रत्येक अर्ध्या तासाचा. खारट कुरकुरीत पुडीला आया निर्दोष समजतात, ‘गोड कुठे आहे?’ म्हणून. तो मैद्याचा किंवा मक्याचा स्टार्च चावून लगदा होतो आणि दाढेच्या खळग्यात बसतो. गोडाचा लाडू त्यापेक्षा लवकर धुऊन जातो.

मागच्या पावसाळ्यात तारकर्लीकडची सात वर्षांची मुलगी आली होती. खालची मागची दाढ दुखत होती. आरशात पाहिलं तर खळगा भरलेला दिसला. अणकुचीदार एक्स्प्लोरर फिरवला, तशी पिवळट मऊ पेस्ट बाहेर आली. चहा-बिस्किट, त्याच सकाळचं. ती पुसली, तर खाली तपकिरी, चामड्यासारखं मऊ दंतिन (आवरणाखालचा दाताचा थर) आणि एका कोपऱ्यात गुलाबी ठिपका, म्हणजे नसेपर्यंत पोचलेलं. आई म्हणाली, ‘दुधाचोच दात मां तो? पडतलो.’ तो दुधाचा नव्हता. तो तिच्या सत्तरीपर्यंत टिकायला हवा होता आणि येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. हा घोटाळा कोकणात मी सगळ्यात जास्त पाहतो, म्हणून शेवटी त्यावर परत येणार आहे.

अगदी लहानांचं, तुमच्या पहिलीतल्या काळ्या दातांचं, कारण आणखी वेगळं आहे. वरचे पुढचे चार दात काळे आणि खालचे पुढचे स्वच्छ, असं दिसेल. ही बाटलीची सही आहे. दूध पीत पीत मूल झोपतं, दूध वरच्या दातांभोवती साचतं. खालचे दात जिभेखाली आणि लाळेत भिजलेले असल्याने वाचतात. गोड चोखणी, मधाचं बोट, दुधात ग्लुकोज बिस्किट विरघळवून बाटलीत घालणं, हे सगळं मायेपोटी होतं. आईला रागावून काही साधत नाही. सगळे सल्ले द्यायचा मोह मी सोडलाय, एकच सांगतो: झोपताना बाटलीत साधं पाणी.

आकड्यांकडे येतो. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाने २००२-०३ मध्ये देशभर मोठं सर्वेक्षण केलं, पाण्यातल्या फ्लोराइडचा (किडीपासून दात राखणाऱ्या क्षाराचा) नकाशाही त्यातच होता. कीड असलेल्यांचं प्रमाण ५ वर्षांच्या मुलांत साधारण निम्मं, १२ वर्षांच्या मुलांत ५४ टक्क्यांच्या आसपास, १५ व्या वर्षी ६३ टक्के आणि ३५ ते ४४ वयात ८० टक्के निघालं. म्हणजे तुमच्या वर्गातली ‘निम्मी मुलं’ हा काही एकट्या मालवणचा अपवाद नव्हे.

पण एका गोष्टीत या आकड्यांनी आपल्याला गाफील ठेवलं. दंतवैद्य कीड मोजतात ती डीएमएफटी नावाच्या निर्देशांकाने. १९३८ मध्ये अमेरिकेत क्लाइन आणि पामर यांनी तो घडवला. किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले, या तिन्हींची बेरीज. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये उद्दिष्ट ठरवलं की २००० सालापर्यंत १२ वर्षांच्या मुलांची सरासरी तीनच्या वर नसावी. भारताची सरासरी त्याच्या खालीच होती, म्हणजे कागदावर आपण उत्तीर्ण. आता बेरजेत डोकावून पाहा. युरोपातल्या मुलाच्या तिनांपैकी बहुतेक दात भरलेले असतात. आपल्या मुलाच्या दोनांपैकी दोन्ही उघडे, दुखणारे. निर्देशांकाला भरलेली दाढ आणि सडलेली दाढ सारखीच. रात्री रडणाऱ्या पोराला ती सारखी नसते. शिवाय श्रीमंत देशांत १९७० च्या दशकापासून कीड उतरत गेली, मुख्यतः फ्लोराइडच्या पेस्टमुळे. आपल्याकडे साखर आधी पोचली आणि पेस्ट मागून आली. ती सुद्धा प्रत्येक वेळी फ्लोराइडची नसते.

म्हणजे पाण्याचा प्रश्न आलाच. पाण्यात काही बिघडलेलं नाही. उलट जे नाही, तेच सांगायला हवं. यवतमाळ, चंद्रपूरकडे विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, म्हणून तिथे दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि पुढे हाडांचे विकारही होतात. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जांभा दगड आणि उथळ विहिरी. पाणी धुऊन निघालेलं, गोड आणि फ्लोराइडच्या बाबतीत बहुधा गरीब. म्हणून कोकणी आजीच्या दातांवर ते फ्लोराइडचे डाग नसायचे, आणि म्हणूनच कोकणी नातवाच्या दातांना पाण्यातून संरक्षण मिळत नाही. आजीला त्याची गरज पडली नाही, कारण हल्लाच नव्हता. नातवाला पडते. त्याला फ्लोराइड मिळण्याचा व्यवहारी मार्ग एकच, पेस्ट. त्यात फ्लोराइड किती, ते ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आपल्या देशात १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) परवानगी आहे आणि त्याच्या आसपासचा आकडा हवा. वनस्पतींची चित्रं असलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये तो आकडाच नसतो. घेणाऱ्याला वाटतं, आयुर्वेदिक म्हणजे जास्त चांगली. दात स्वच्छ होतात हे खरं, पण किडीपासून राखण होत नाही. खोल बोअर मारलेली असेल तर मात्र पाणी एकदा तपासून घ्या, खोलच्या खडकाचा हिशेब निराळा असू शकतो.

(जाता जाता: चहाच्या पानांत फ्लोराइड बऱ्यापैकी असतं. कोकणी माणूस चहा इतका पितो की त्याच्या दातांचं सोनं व्हायला हवं होतं. पण आपण चहात साखर किती घालतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.)

किड्याबद्दलही बोललंच पाहिजे, कारण ‘कीड’ या शब्दानेच घोटाळा केलाय. माझ्या सुरुवातीच्या काळात आठवडा बाजारात एक माणूस बसायचा. तापलेल्या लोखंडावर तेल आणि भुईरिंगणीचं बी टाकायचा, धुराची नळी तोंडात धरायला लावायचा आणि खाली पाण्याच्या भांड्यात बारीक पांढरे ‘किडे’ पडलेले दाखवायचा. मी एकदा ते किडे मागून आणले आणि भिंगाखाली पाहिले. ते बीच्या आतले कोंब होते, उष्णतेने फुटून बाहेर आलेले. धूर कुणाच्याही तोंडात न घालता बी नुसतं तापवलं तरी किडे निघतात. हे मी दोन-तीन रुग्णांना करून दाखवलं. एकाने शांतपणे सांगितलं, ‘पण ठणका थांबलो मां.’ ठणका थांबतो, कारण नस मेली की ठणका आपोआप थांबतो. मग सहा महिन्यांनी गाल सुजतो, आणि तेव्हा माणूस माझ्याकडे येतो.

कीड एकीकडे, पण मला रात्री झोप लागू देत नाही तो दुसरा रोग. कोकणच्या तोंडात गेल्या तीस वर्षांत सर्वात वाईट काय आलं असेल तर सुपारीची पुडी. सुपारी आपल्याला नवी नाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे, बागायतदाराचं घर तिच्यावर चालतं. पण आजोबा अडकित्त्याने कातरून जेवणानंतर एक विडा खायचे. नातू पुडी फाडून दिवसभर तोंडात धरतो. सुपारीतली द्रव्यं गालाच्या आतल्या पेशींना दोरखंडासारखे तंतू बनवायला लावतात, गाल आतून कडक पांढुरके होतात, तोंड उघडेनासं होतं. त्याला आम्ही सबम्युकस फायब्रोसिस म्हणतो. मला याचा पहिला सुगावा मालवणी जेवणातून लागतो. बावीस-तेवीसचा मुलगा येतो आणि म्हणतो, ‘हल्ली आईचं सार तिखट लागतं, तोंड जळतं.’ आईने मसाला बदललेला नसतो. घरी करून बघण्याची परीक्षा सोपी आहे: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमधून आत जातात का? दोनच जात असतील तर लगेच दाखवा.

सुपारीत तंबाखू नाही म्हणून ती निरुपद्रवी, हा समज आमच्या बागायती भागात फार चिवट आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला एकटीलाच, तंबाखूशिवाय, माणसात कर्करोग करणारी ठरवलं. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. टपरीवाला आता एक पुडी सुपारी-मसाल्याची देतो आणि दुसरी तंबाखूची, गिऱ्हाईक तळहातावर गुटखा बनवतं. तरी बंदीचा आणि प्रचाराचा उपयोग शून्य झाला, असं मी म्हणणार नाही. तंबाखूच्या सर्वेक्षणांनुसार राज्यातल्या प्रौढांत कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेणाऱ्यांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, २०१६-१७ मध्ये ते २६.६ वर आलं. पण त्यातल्या दुसऱ्या सर्वेक्षणात बिडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि चघळणारे-चोळणारे २४.४ टक्के. महाराष्ट्राचा तंबाखू फुप्फुसात कमी, गालात जास्त जातो. म्हणून आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या सांध्यातला कर्करोग इतका दिसतो, बरोबर जिथे पुडी ठेवतात तिथेच. टाटा मेमोरियलने रत्नागिरी जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयासोबत गावोगाव जाऊन तोंडं तपासली, ती उगाच नव्हे.

मच्छीमारांचं वेगळं सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत माझ्याकडे खलाशी आणि तांडेल येतात. दहा महिन्यांचं दुखणं साठवून. रात्री जागं राहायला समुद्रावर तंबाखू आणि गोड चहा हेच दोन सोबती. त्यांच्या तोंडात एका बाजूला पुडीचा पांढरा चट्टा आणि दुसऱ्या बाजूला चहाने किडलेल्या दाढा. आजीचा रोग आणि नातवाचा रोग, दोन्ही एकाच माणसात. पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर मी त्यांना दात काढून द्यायच्या आधी बायोप्सीला पाठवतो. ते नाराज होतात, कारण होडी निघायची तारीख ठरलेली असते.

म्हाताऱ्यांकडे आता वेगळीच लाट येते आहे. पूर्वी पन्नाशी-साठीत संपूर्ण कवळी बसवायचो, आता त्या वयात निम्म्याहून अधिक दात शाबूत असतात. चांगलंच आहे. पण हिरडी उतरलेली, मूळ उघडं, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी तोंड कोरडं, आणि दात हलतात म्हणून जेवण सोडून चहा-बिस्किटावर दिवस. उघड्या मुळाला वरच्या आवरणाचं कवच नसतं, तिथे कीड फार झपाट्याने लागते. म्हणजे ज्या पिढीला कीड माहीत नव्हती तिलाही शेवटी ती गाठते. मधुमेह आणि हिरड्यांचं दुखणं एकमेकांना वाढवतात. साखर ताब्यात नसली की हिरड्या सुजतात, आणि हिरड्यांत पू असला की साखर ताब्यात येत नाही. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ म्हणून लोक साफसफाई टाळतात. दात आधीच सुटलेले असतात, कीटणाच्या सिमेंटने ते एकमेकांना धरून बसलेले असतात, एवढंच.

आता शाळेचं. शिबिरांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. एका संस्थेच्या शिबिरात मी दिवसभरात दोनशेच्या वर मुलं तपासली, चिठ्ठ्या दिल्या, फोटो झाले. शेवटी आयोजकांनी खाऊ म्हणून मुलांना चॉकलेटं वाटली. त्या चिठ्ठ्यांपैकी माझ्याकडे चार मुलं पोचली. गाडी भाड्याने करून, एक दिवसाची मजुरी बुडवून, न दुखणाऱ्या दाढेसाठी कोण येणार?

म्हणून मी तुम्हाला एकाच दाढेवर नजर ठेवायला सांगेन. सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यात मागे गुपचूप एक कायमची दाढ येते. तिच्या आधी कुठला दात पडत नाही म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही आणि ती दुधाची समजली जाते. तुमची पहिली-दुसरी म्हणजे नेमकं तिचंच वय. ओळखायची खूण सोपी आहे: समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जा. पाच दुधाचे, सहावी कायमची. टॉर्च घ्या, मुलाला खिडकीकडे तोंड करून आ करायला लावा, चारही कोपरे पाहा. खळग्यात काळी रेघ किंवा मागे खडूसारखा पांढरा डाग दिसला की नाव लिहून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, दात त्यांच्या यादीत आहेत. ती नावं त्यांच्या हातात द्या, नुसतं ‘तपासा’ म्हणू नका.

या टप्प्यावर इलाज स्वस्त असतो. खळगे खोल असतील पण किडले नसतील तर ते सीलंटने (पातळ लेपाने) बुजवता येतात, सुई नाही, मशिन नाही. छोटी कीड असेल तर हाताच्या अवजाराने खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येतं, वीज गेलेल्या शाळेतही. दुधाच्या काळ्या दातांवर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं की कीड तिथेच थांबते. दात काळा राहतो, आया त्यावर नाक मुरडतात, पण दुखणं टळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड पेस्टसह यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या, म्हणजे हे काही मोठ्या शहरातले चोचले राहिलेले नाहीत.

पालकसभेत दहा सूचना देऊ नका. रात्री झोपण्यापूर्वी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, थुंकायचं पण चूळ भरायची नाही, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. तीन वर्षांखालच्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढीच. सात-आठ वर्षांपर्यंत घासून आईने किंवा बाबाने द्यायचं, पोराच्या हाताला मागची दाढ सापडत नाही. खाऊची पुडी बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. खाऊची पुडी जेवणाला लागून खा, एकाच वेळी संपव, एवढं सांगा. ते बहुधा ऐकतात. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे, तेवढं मुख्याध्यापकांकडून टपरीवाल्याला लेखी कळवा. एका गावात अशा कागदाने काम झालेलं मी पाहिलंय, तिथे टपरीवाल्याची स्वतःची मुलगी त्याच शाळेत होती.

नावं लिहून झाली की मुलं कुठल्याही जवळच्या दंतवैद्याकडे न्या, माझ्याकडे आणलीत तरी चालेल. फक्त मे महिन्यात नको, तेव्हा चाकरमान्यांची रांग असते. जून-जुलै खलाशांचा. श्रावणात आणा. गणपतीच्या आधीचे ते तीन आठवडे खुर्ची मोकळी असते आणि मला प्रत्येक मुलाला आरसा हातात देऊन त्याची सहावी दाढ दाखवायला वेळ मिळतो.